पक्ष्याला सप्तमी नाही

चेस्टरमध्ये, रोमनांच्या भिंतीच्या आत,
एका छोट्या म्युझियमच्या तळघरात
मंगळवारी आणि शुक्रवारी मी कप्पे उघडते.
आत पेंढा भरलेले पक्षी, उताणे,
डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.
चिठ्ठीवरचं नाव संगणकात उतरवायचं,
तासाला बारा पौंड आणि वर चिल्लर.

आज एकशे एकोणीस नंबरचा कप्पा रिकामा निघाला.
कापसात लांबट खळगा,
दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. तिच्यावर नुसतंच 'अविस'.
ना जात, ना साल, ना मारणाऱ्याचं नाव.

प्रॉथरोबाईंना दाखवली.
मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं लॅटिन शिकवून
त्या आता इथे फुकट येतात, चहा घरून आणतात.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"तिसरा गण. स्त्रीलिंगी.
गरुड असो की कोंबडा, अविस ती."
आमच्यात पक्षी तो, घार ती आणि पाखरू ते, मी म्हटलं.
पाखराला नपुंसकलिंग दिल्याबद्दल
त्यांनी आमच्या भाषेचं अभिनंदन केलं.

मग टेबलावर बोट आपटत चालवू लागल्या:
अविस, अविस, अवेम, अविस, अवी, अवे.
आणि मला आठवीचा वर्ग आठवला, देवः देवौ देवाः.
संस्कृत घेतलं होतं ते मार्क पडतात म्हणून.
पडले. अठ्ठ्याण्णव.
त्या अठ्ठ्याण्णवांत कुणी सांगितलं नव्हतं
की वि म्हणजे पक्षी.
मला वि माहीत होता तो उपसर्ग:
वियोग, विदेश, विसर.
तो निराळा, कोश बजावतो, नातं लावू नये.
हा वि नाम आहे, अविसचा सख्खा भाऊ.
एक पश्चिमेला उडाला, राज्य करून आला,
दुसरा आमच्याकडे पोथीत मिटला.
त्याच्या घरचा म्हणून वायस तेवढा उरला.
कावळा.

अविस म्हणजे शकुनसुद्धा, बाई सांगत होत्या,
पक्षी पाहिल्याशिवाय रोमन लढाईला निघत नसत.
आमचा शकुनही आधी पक्षीच होता, मी म्हटलं.
मग पक्षी उडाला, शकुन राहिला.
हे त्यांनी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

"पण ही प्रथमा की षष्ठी?"
रूप एकच.
प्रथमा असेल तर: पक्षी.
म्हणजे चिठ्ठी खोटं बोलते.
षष्ठी असेल तर: पक्ष्याचा, पक्ष्याची, पक्ष्याचं.
कुणाचं ते लिहिलं,
काय ते लिहायचं राहिलं.

मार्चमध्ये भावाने घाटावर फोन धरला होता.
भाताचा गोळा, वर दही, माणसं मागे सरकलेली.
पाऊण तास इथल्या बसथांब्यावर उभी राहून
मी स्क्रीनवर पाहत होते
पक्ष्याची जागा.
बाबांचं काय राहिलं होतं, कुणालाच सुचेना.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला
आणि वेळ भागवली.

"सप्तमी?" मी विचारलं. "पक्ष्यात? पक्ष्याच्या ठायी?"
बाईंनी मान हलवली.
लॅटिनची सप्तमी केव्हाच गेली,
गावांच्या नावांत थोडी उरली
आणि घर या शब्दात. दोमी.
घरी, मी म्हटलं.
"तुमचीही ई?"
आमचीही ई.

संगणक नाव विचारतो.
मी टाइप करते: पक्ष्याचं
रकाना लाल होतो. नोंद अपूर्ण, म्हणतो.
बाई थर्मासचं झाकण फिरवतात.
कप्पा मी हळू आत ढकलते,
खळगा मोडू नये.